वारी हीच भूगोलाची शाळा

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात गावच्या शाळेच्या पटांगणात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा बहुतांशी तशीच ठेवली आहे.)

॥ रामकृष्ण हरी ॥



आज कीर्तन नाही. अभंग लावायचा नाही, टाळ धरायचा नाही. कमिटीनं सांगितलं, बुवा, दिंडीला शंभर वर्षं झाली, पुढच्या शंभर वर्षांसाठी दोन शब्द बोला. मी म्हटलं, पुढची शंभर वर्षं ज्यांच्या हातात आहेत ती तर हितं पुढं बसल्यात. त्यांच्याविषयीच बोलतो.

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या फडावर एकच वाद सारखा निघतो. पोरांना वारीला न्यायचं का नाही? आजी-आजोबा म्हणतात न्यायचं. आई-बाप म्हणतात, जूनमध्ये शाळा भरते, अठरा-वीस दिवस पोरगं वारीत फिरलं तर अभ्यासाचं काय? पहिल्यांदाच सांगतो, आई-बापाचं खरं आहे. माझी स्वतःची शाळा चौथीला सुटली. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वयाची पोरं तलावाच्या कामावर पाट्या उचलत होती आणि दुपारी सुकडी खात होती. शाळा सुटल्यावर माणसाचं काय काय सुटतं, ते मला कुणी सांगायची गरज नाही. तेव्हा शाळा बुडवून वारी करा असं हा बुवा कधी म्हणणार नाही. पण वारी म्हणजे अभ्यासाचं नुकसान, असं जे धरून चाललंय, ते मला पटत नाही. एका विषयात तर वारीइतका चांगला मास्तर दुसरा नाही. तो विषय म्हणजे भूगोल. त्यातही गुरुजी ज्याला मानवी भूगोल म्हणतात तो. माणसं कुठं राहतात, काय खातात, काय पिकवतात, गाव सोडून कुठं जातात आणि का जातात, पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही.

माझी नात परवा ओसरीवर बसून पाठ करत होती, स्थलांतर म्हणजे काय, स्थलांतराची कारणं कोणती. धडाधडा म्हणत होती. मी विचारलं, बाळ, तुझा चुलता कुठं असतो? म्हणाली, कोइमतूरला, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात. मग ते स्थलांतर नव्हे का? तर माझ्या तोंडाकडं बघायला लागली. म्हणजे बघा, पुस्तकातलं स्थलांतर वेगळं आणि चुलता वेगळा. हे दोन्ही एकच आहेत हे तिला कळलं की भूगोल पाठ करावा लागत नाही. ही गाठ कशी मारायची, तेवढंच मला सांगायचंय.

पहिली गोष्ट पाण्याची.

आळंदीला आपण इंद्रायणीत हातपाय धुतो. पुण्यात मुळा-मुठा लागते. दिवेघाट चढून सासवडला गेलं की कऱ्हा. वाल्हं सोडलं की नीरा, तिथं माउलींच्या पादुकांना स्नान. आणि शेवटी चंद्रभागा. पोरांना विचारा, नद्या किती झाल्या? म्हणतील पाच. आता शाळेच्या पटांगणात राखेनं किंवा रांगोळीनं ह्या नद्या काढा. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरातनं येते आणि तुळापूरला भीमेला मिळते. मुळा-मुठा पुढं भीमेलाच मिळते. कऱ्हा बारामतीच्या खालच्या अंगाला नीरेला मिळते, आणि नीरा नीरा-नरसिंहपूरला भीमेत जाते. भीमा निघते भीमाशंकरला. पंढरपुरात तिनं चंद्रकोरीसारखं वळण घेतलंय म्हणून तिथं तिला चंद्रभागा म्हणायचं. म्हणजे आपण वाटेत ज्या ज्या नदीचं पाणी डोक्याला लावलं, ते सगळं पाणीसुद्धा पंढरीलाच निघालेलं असतं. आपण पायी जातो, ते उतारानं जातं. पोरगं हे एकदा रांगोळीत बघेल, तांब्यानं पाणी ओतून बघेल, तर जन्मात विसरणार नाही.

आणि आपली माणगंगा? ती बिचारी पंढरपूर मागं टाकून पुढं सरकोलीजवळ भीमेला मिळते. आपलं पाणी विठ्ठलाला खालच्या अंगानं येऊन मिळतं. पुढं भीमा कर्नाटकात जाते, रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. आपल्या शिवारातला ओढा कुठल्या समुद्राला जातो, हे आपल्या गावातल्या किती माणसांना सांगता येईल? हात वर करा बरं. बघा. आता पोरांना विचारा पुढच्या वर्षी.

पण पाण्याची गोष्ट हितं संपत नाही. इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस आलेला तुम्ही पाहिलाय. चंद्रभागेत आंघोळ केल्यावर अंगाला खाज सुटते म्हणून बाया तक्रार करतात. आपण म्हणतो, नदी घाण झाली. जशी काही ती आपली आपण घाण झाली! रांगोळीच्या नकाशात बोट ठेवून पोराला विचारा, हे पाणी कुठनं आलं? वर पिंपरी-चिंचवड आहे, पुणं आहे. तिथलं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी नदीत येतं, नदी भीमेत, भीमा उजनीत, उजनी पंढरीत. आणि त्या शहरांत राहतं कोण? आपलीच पोरं. आपल्यातले निम्मे लोक कामाला तिकडंच आहेत. म्हणजे घाण करणारा कुणी परका नाही, आणि नाक धरणाराही परका नाही. चंद्रभागेचं पाणी नितळ व्हायचं तर पंढरपुरात झाडू मारून भागणार नाही, ते काम अडीचशे किलोमीटर वर सुरू व्हायला पाहिजे. हे ज्या लेकराला दहाव्या वर्षी कळलं, ते मोठेपणी तिथं इंजिनेर झालं तर वेगळा विचार करील.

दुसरी गोष्ट पावसाची आणि घराच्या छपराची.

आपल्या एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि एकाच जिल्ह्यात आपला माण तालुका आहे. मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. तिकडं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि हिकडं पाचशेच्या आत-बाहेर. दहा हिश्श्यांतला एक हिस्सा. का? तर समुद्रावरनं आलेला ढग सह्याद्रीला आडतो, तिथंच रिता होतो, आणि आपल्या वाट्याला नुसता वारा येतो. पुस्तकात ह्याला पर्जन्यछाया म्हणतात. आपण म्हणतो, ढग आले आणि गेले.

आता हे पोराला वाटेवर कसं दाखवायचं? छपरं बघायला लावायची. मावळात जुनी घरं उतरत्या कौलांची. पाणी थांबलं नाही पाहिजे, पटकन घरंगळलं पाहिजे. तिथनं पुढं पूर्वेला यावं तसतशी जुन्या घरांची छपरं सपाट होत जातात. आपल्याकडं आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडं धाब्याची घरं, मातीची माळवदं. त्याच्यावर मिरच्या वाळवायच्या, उन्हाळ्यात निजायचं. पाऊसच कमी, मग छपराला उतार कशाला? आता सगळीकडं सिमेंटचा स्लॅब आलाय, तरी गावठाणात शोधलं की जुनी घरं सापडतात. पोराच्या हातात वही द्या. मुक्कामाच्या गावात जुन्या दहा घरांची छपरं मोज, उतरती किती, सपाट किती. पंढरपुराला पोचेपर्यंत पावसाचा नकाशा त्याच्या वहीत आपोआप तयार होतो. त्याला कुठल्याही मशिनीची गरज नाही.

तसंच ताटाचं. मावळात पंगतीला भात. सासवड-जेजुरीकडं बाजरी. माळशिरसच्या पुढं ज्वारीची भाकरी, आणि मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे तर विचारू नका, काळ्या रानात नुसत्या थंडीवर आणि ओलीवर येणारी. वारीत आपण वीस दिवस जेवतो, पण भाकरी बदलली हे ध्यानात येत नाही. लेकराच्या ध्यानात आणून द्या. भाकरी बदलली म्हणजे माती बदलली, माती बदलली म्हणजे पाऊस बदलला.

गावाची नावंसुद्धा बोलतात. वडगाव, पिंपळगाव, निमगाव, बोरगाव ही झाडांची नावं. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं. फलटणच्या पुढं बरडला मुक्काम असतो. आपल्याकडं बरड म्हणजे मुरमाड, हलकं रान. नाव ऐकलं की जमीन डोळ्यापुढं येते. पोरांना सांगा, वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव लिहा आणि तिथल्या म्हाताऱ्याला विचारा, हे नाव कसं पडलं. निम्मे म्हातारे खरं सांगतील, निम्मे रचून सांगतील. दोन्ही लिहून घ्या. त्यानिमित्तानं लेकरू अनोळखी म्हाताऱ्याशी बोलायला शिकतं, हाही अभ्यासच.

तिसरी गोष्ट पाटाची. ही जरा सावकाश ऐका, कारण हिच्यात आपलं दुखणं आहे.

नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, धर्मपुरी, नातेपुते असं आपण जातो. नीरा ही पुणे आणि सातारा जिल्ह्याची हद्द. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. नातेपुत्याला मुक्काम असतो तेव्हा उजव्या अंगाला शिखर शिंगणापूरचे डोंगर दिसतात. त्या डोंगरामागं आपलं घर. आपण आधी एस.टी.नं आळंदीला जातो आणि मग वीस दिवस चालून आपल्याच डोंगराच्या पलीकडनं जातो! त्या वाटेवर उजव्या-डाव्या हाताला बघत चाला. एका जागी गच्च हिरवा ऊस, केळी. जरा चढावर गेलं की बाभळी आणि कुसळं. पाऊस दोन्हीकडं सारखाच. मग फरक कशाचा? पाटाचा. पाटाच्या खाली ऊस आणि पाटाच्या वर कुसळ. पाणी उताराला धावतं, चढ चढत नाही, एवढ्यावर माणसाचं नशीब ठरलं.

हा पाट देवानं केला नाही. १८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं नीरेचा डावा कालवा काढला, बारामतीकडं पाणी गेलं. १९२८ साली भोरजवळचं भाटघरचं मोठं धरण पुरं झालं आणि उजव्या कालव्यानं फलटण-माळशिरसकडं पाणी आलं. आता त्याच्या मागं माणसं कशी हलली ते बघा. सासवडच्या माळी समाजातले शेतकरी, ऊस आणि बागाईत करण्यात पटाईत. ते कालव्याच्या पाण्यामागं घरदार घेऊन निघाले. माळरानं खंडानं घेतली, ऊस लावला, आणि १९३० नंतरच्या काळात अकलूजजवळ स्वतःचा साखर कारखाना उभा केला. त्या गावाचं नाव माळीनगर आणि कारखान्याचं नाव सासवड माळी शुगर फॅक्टरी. सासवडहून पालखी निघते आणि सासवडचंच नाव पुढं अकलूजपाशी भेटतं. पोरांना हे कोडं घाला. सासवडचं नाव तिकडं कसं गेलं? उत्तर शोधता शोधता धरण, कालवा, पीक, बाजार आणि माणसाचं धाडस, सगळं येतं.

दुसऱ्या बाजूला उजनी. १९८० साली भीमेवर धरण पुरं झालं. कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी हटलं की वर दिसतं. ज्यांची गावं गेली त्यांना दुसरीकडं वसवलं. धरणानं एकाला ऊस दिला आणि एकाचा उंबरा नेला. पोरांना दोन्ही बाजू दाखवा. नुसतं धरणाचं नाव, नदीचं नाव आणि जिल्हा पाठ करून घेतला तर उंबरा कुठं गेला ते कळतच नाही.

आणि ह्या उसाला तोडायला कोण येतं? दिवाळी झाली की बीडकडनं, मराठवाड्यातनं ट्रॅक्टर भरून ऊसतोडीची माणसं येतात. कोप्या घालून राहतात. त्यांची लेकरं सहा-सहा महिने शाळेला मुकतात. त्यांच्यातले कितीतरी जण माळकरी आहेत. पैठणहून नाथांची पालखी निघते, त्या वाटेनं चालणाऱ्यांत तीच माणसं असतात. वारीत आपण त्यांच्या पाया पडतो, माउली म्हणतो. मग पौषात ती उसाच्या फडात भेटली तर कोण म्हणतो माउली?

चौथी गोष्ट आपल्या दिंडीच्या वहीची.

शताब्दीसाठी म्हणून गुरुजींनी आणि मी मिळून दिंडीच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या माळ्यावरनं काढल्या. पहिल्या काही मोडीत होत्या, त्या जाणत्याकडनं वाचून घेतल्या. त्याच्यात काय आहे? सुरुवातीला जमा म्हणजे धान्य. कुणाची पायली बाजरी, कुणाची अडशेरी डाळ, कुणाचा गूळ. सगळी माणसं गावातली. मग पुढं पुढं मुंबईच्या मनिऑर्डरी दिसायला लागतात. परळ, लालबाग, भायखळा. गिरणीत आणि गोदीत गेलेली पोरं पगारातनं दिंडीला पैसे धाडत होती. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला आणि त्याच्यानंतर वहीतलं परळ-लालबाग आटत गेलं, जशी उन्हाळ्यात विहीर आटते. त्याच्या मागनं नवी नावं आली. कोइमतूर, कोचीन, कानपूर. गलाईवाले. आटपाडी, खानापूर, माण, खटाव ह्या दुष्काळी पट्ट्यातली पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात सगळ्या हिंदुस्थानभर गेली. आता तर वहीत कागदच नाही, पैसे मोबाईलवर येतात, गाव कुठलं ते कळतसुद्धा नाही.

सांगा आता, ह्याच्याइतकं भूगोलाचं पुस्तक दुसरं आहे का? शंभर वर्षांत एका गावातली माणसं कुठं कुठं गेली, का गेली, कधी परतली, ते देवाच्या जमाखर्चात लिहून ठेवलंय. गुरुजींनी सातवीच्या पोरांना त्या वहीतनं गावांची यादी काढायला लावली आणि हिंदुस्थानच्या नकाशावर टिकल्या लावल्या. कपाळाला लावायच्या टिकल्या! धान्याच्या काळाला हिरवी, गिरणीच्या काळाला निळी, गलाईच्या काळाला पिवळी. तो नकाशा आत वर्गात लावलाय, जाताना सगळ्यांनी बघून जा. माझ्या नातीनं चुलत्याची टिकली स्वतःच्या हातानं लावली.

आणि एक नकाशा बायांचा करा. घरोघर जायचं आणि विचारायचं, वहिनी, तुमचं माहेर कुठलं? आजी, तुमचं कुठलं? आजीचं माहेर चालत जायच्या अंतरावर, सुनेचं एस.टी.च्या अंतरावर, आणि नातसुनेचं पार दुसऱ्या जिल्ह्यात. रस्ता कसा वाढला, सोयरीक कशी लांब गेली, ते माहेरांवरनं कळतं. बायांच्या जात्यावरच्या ओव्यांत गावांची, वाटांची, नद्यांची केवढी नावं असायची! हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्या दोघांनी खेड्यापाड्यांतनं अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या अजून आहेत तोवर त्यांच्यापाशी पोरांना बसवा. जातं गेलं, पण तोंडात ओवी आहे.

इरावतीबाई कर्वे म्हणून पुण्याला मोठ्या विद्वान बाई होऊन गेल्या. त्या स्वतः पालखीबरोबर चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ म्हणून लेख लिहिला. गुरुजींनी तो मला वाचून दाखवला. त्यांना चालता चालता महाराष्ट्र म्हणजे काय ते उमगलं. ज्या मुलखातली माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. केवढा भूगोल आहे बघा त्याच्यात! सरकारनं हद्द आखायच्या कितीतरी आधी पायांनी हद्द आखली होती. पण त्याच लेखात त्यांनी दुसरंही लिहिलंय. एकाच दिंडीत जातीजातीची जेवणं वेगळी होती, आणि ते बघून त्यांना फार वाईट वाटलं. चांगलं तेवढं सांगायचं आणि वाईट झाकायचं, असं बाईंनी केलं नाही.

आपणही करू नये. मी पोरांना गावाचा नकाशा काढायला सांगतो. देऊळ कुठं, चावडी कुठं, जुनी विहीर कुठं, कुठल्या वस्तीला किती लांबनं पाणी आणावं लागत होतं. पाऊलं मोजून काढायला सांगतो. असा नकाशा काढला की कोण गावाच्या मध्यात होतं आणि कोण गावकुसाबाहेर, हे झाकून राहत नाही. चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम करताना भिंत पडून ते गेले. त्यांची समाधी महाद्वारात आहे. देवाच्या एवढ्या जवळ, पण दाराच्या बाहेर. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. हे सांगितलं की काही जण म्हणतात, बुवा, लेकरांना कशाला जुनं उकरून सांगता? मी म्हणतो, लेकरानं पावलं मोजून काढलेला नकाशा आहे, मी कुठं काय सांगितलं? विष्णुदास म्हणवून घ्यायचं तर त्या नकाशाकडं डोळे उघडे ठेवून बघावं लागेल, आणि जिथं अजून अंतर उरलंय ते तोडावं लागेल.

आपले संतसुद्धा एकेका गावचे आणि एकेका कामाचे. गोरोबा तेरचे, मडकी घडवणारे. सावतोबा अरणचे, मळा करणारे. जनाबाई गंगाखेडच्या, दळणारी-कांडणारी माउली. नामदेवराय तर पार पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची पदं शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. तेर म्हणजे साधं खेडं समजू नका, दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत आणि तिथला माल रोमच्या मुलखापर्यंत जात होता. संतांची नावं घेताना गावाचं आणि कामाचं नाव घ्या. नकाशा आपोआप भरतो.

आता एक नवी गोष्ट. पालखी मार्ग चौपदरी झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. रस्ता मोठा झाला, चालणं सोपं झालं, ह्यात वाद नाही. पण कितीतरी गावांना बाहेरनं वळसा पडला. जुनी वडाची, लिंबाची झाडं गेली. जिथं गावातनं जाताना दारात बाया तांब्या घेऊन उभ्या असायच्या, तिथं आता दोन्ही बाजूला पत्र्याचे कठडे. ज्या गावाचा बाजार रस्त्यावर होता, त्याचं काय झालं? ज्याची जमीन रस्त्यात गेली त्यानं पैशाचं काय केलं? हे पोरांनी विचारावं. रस्ता आला की गाव सरकतं, हा भूगोलाचा जिता धडा आज आपल्या डोळ्यांदेखत चाललाय. दहा वर्षांनी विचारायला गेलं तर सांगणारे नसतील.

तेव्हा पुढच्या शंभर वर्षांसाठी माझं मागणं चार गोष्टींचं आहे.

एक, शाळा बुडवायची नाही. शनिवार-रविवार धरून दोन दिवस शाळेची पोरं, गुरुजी आणि एक-दोन आया, दिंडीत यायच्या. फलटण ते नातेपुते हा टप्पा आपल्याला जवळ. गाडीनं यावं, चालावं, रविवारी रात्री घरी.

दोन, त्या दोन दिवसांत मुक्कामाला हरिपाठानंतर पाव तास तिथल्या एका माणसानं पोरांशी बोलायचं. कालव्याचा पाटकरी, ऊसतोडीचा मुकादम, जमीन गेलेला शेतकरी, नाहीतर भाकऱ्या थापणारी माउली. प्रश्न पोरांनी विचारायचे, मोठ्यांनी मधी तोंड घालायचं नाही.

तीन, प्रत्येक मुक्कामाची मूठभर माती बरणीत भरून, वर गावाचं नाव लिहून शाळेत आणायची. तांबडी, काळी, मुरमाड, चिकण, ओळीनं लावायची. त्याच्याशेजारी एक सरळ उभ्या बाजूचा डबा छपरावर ठेवायचा आणि पाऊस पडला की पट्टी बुडवून मोजून वहीत लिहायचं. बरोबर साताराकडच्या आणि महाबळेश्वराकडच्या आकड्यांशी ताडून बघायचं.

चार, दिंडीच्या वहीत ह्या वर्षापासनं पैशाबरोबर गावाचं नाव आणि कामधंदा लिहायचा. मोबाईलवर पैसे आले तरी विचारायचं, बाबा, हल्ली कुठं असतोस? तेवढीच त्याची विचारपूस, आणि शंभर वर्षांनी कुणी वही काढली तर त्याला आपण सापडू.

आणि एक शेवटचं. ह्या शाळेचा पट घटत चाललाय. गुरुजी बोलत नाहीत, पण सगळ्यांना माहीत आहे. पोरं कमी, म्हणून शाळा मिटायची वेळ येईल. दिंडीतही तिशीच्या आतली माणसं बोटावर मोजण्याइतकी. दोन्हीचं कारण एकच आहे. पाणी नाही, काम नाही, म्हणून माणूस जातो. जाणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, त्याच्याच मनिऑर्डरीवर ही दिंडी चालली. पण जो जातो त्यानं कुठनं निघालो ते ओळखून जावं, आणि जो राहतो त्यानं का राहिलो ते जाणून राहावं. आपल्या गावाचा ओढा कुठल्या नदीला मिळतो, आपल्या भाकरीचं दाणं कुठल्या मातीतलं, आपल्या शेजारच्या वस्तीला पाणी कधी आलं, हे ज्याला माहीत आहे तो कोइमतुरात राहिला तरी ह्याच गावचा. आणि ज्याला माहीत नाही तो हितं राहूनही पाहुणाच.

गुरुजी पुस्तकानं शिकवतील, आपण वाटेनं शिकवू. दोघांनी मिळून शिकवलं तर लेकराचं नुकसान होणार नाही, हे मी ह्या वारकऱ्यांच्या साक्षीनं सांगतो.

बराच वेळ बोललो. मागं प्रसादाची आमटी उकळतीय, वास इथपर्यंत येतोय. एवढी सेवा माउलींच्या चरणी अर्पण करतो आणि जागा घेतो.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

॥ रामकृष्ण हरी ॥